तिला पोहता येत होतं

लिहून ठेवणार: चुडामण वना पाटील, वय पंच्याहत्तर पूर्ण, भारतीय नौदलातून निवृत्त, लग्न केलेलं नाही, मुक्काम अमळनेर, जिल्हा जळगाव.

माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं, ते मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण तो कान पन्नास वर्षांपूर्वी पाण्याच्या दाबाने गेला, त्याचा अकलेशी संबंध नाही. कोणी धाक दाखवून हे लिहून घेतलेलं नाही. मला धाक दाखवील असा माणूस या गल्लीत राहत नाही, हे दोन्ही साक्षीदार सांगतील.

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. एका खोट्या कागदावर सही मात्र केलेली आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

हे लिखाण दिवाळीच्या आधी सुरू केलं. माझे शेजारी पंडित मास्तर म्हणाले, पाकिटात घालून वरून लाख लावू आणि तुमच्या दहाव्यानंतर उघडू. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

कलम १. मालमत्ता कुठून आली हे सांगावं लागतं, म्हणून आधी माझ्याबद्दल.

आमचं गाव बोरी नदीकाठी. नदी म्हणायची, पण आठ महिने तिच्यात शेळ्या चरतात. त्या गावचा पोरगा अठराव्या वर्षी नौदलात भरती झाला, याचं लोकांना हसू यायचं. कोचीला मला पाणबुड्याचं शिक्षण मिळालं. पुढची पंधरा वर्षं जहाजांच्या पोटाखाली काम केलं. बंदरातलं पाणी गढूळ असतं, खाली स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करावं लागतं. एकाहत्तरच्या लढाईतही मी पाण्याखालीच होतो, म्हणून सांगण्यासारखं काही पाहिलेलं नाही.

त्र्याऐंशी साली माझी धाकटी बहीण कोकिळा हिचा नवरा साप चावून गेला. तिची एकुलती एक मुलगी डिंपल तेव्हा चार वर्षांची होती. मी पुढची नोकरी न वाढवता पेन्शन घेऊन घरी आलो. डिंपल हे नाव मीच मुंबईहून पत्रात कळवलं होतं. गावात त्यावरून फार थट्टा झाली, पण तिला नाव शोभायचं.

लग्नासाठी माझ्याकडे तीन ठिकाणची माणसं येऊन गेली. तिघांनीही विचारलं, विधवा बहीण आणि भाची घरातच राहणार का. मी हो म्हटलं. ते परत आले नाहीत. मला त्याचा राग नाही, त्यांनी आपल्या मुलीचं बघितलं. मी तेलाच्या गिरणीत फिटर म्हणून लागलो आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिलो.

कलम २. माझ्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी, दोन्ही पातेली, तवा, झारा आणि पितळी परात धरून, माझा पुतण्या हितेंद्र याला द्यावीत. तो गेली वीस वर्षं सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरतो की काका जहाजावर भांडी घासायचा. त्याची आवड लक्षात घेऊन ही व्यवस्था केली आहे. याखेरीज त्याला काही मिळणार नाही आणि त्याने भांडायला येऊ नये.

कलम ३. माझा तीन आकड्यांचा लोखंडी गळ, साठ हातांचा नायलॉनचा दोर आणि पाण्यात चालणारी बॅटरी नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला द्यावी.

या वस्तू घरात कशाला, हे अमळनेरात सगळ्यांना माहीत आहे. डिंपलच्या मुलीला, मोहिनीला, अर्धंच माहीत आहे, म्हणून लिहितो. गावी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एक माणूस पुरात गेला आणि कोणीतरी म्हणालं, चुडामणला बोलवा, तो नेवीतला शे. तेव्हापासून पस्तीस वर्षं मला बोलावणी आली. तापीवरून, पांझरेवरून, शेतातल्या विहिरींवरून. पार शिंदखेड्यापासून बोदवडपर्यंत जीप पाठवून नेलं आहे. किती प्रेतं काढली ते मोजलं नाही. मोजायचं नाही असा नेमच केला होता.

दुसरे नेमही होते. प्रेताला गळ लावायचा नाही, गळ फक्त शोधायला. सापडलं की स्वतः बुडी मारून काखेत धरून आणायचं. बाईमाणूस असेल तर पाण्यातच अंगावर चादर गुंडाळायची, मग वर घ्यायचं. आणि खाली जे पाहिलं ते पोलिसांना सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही. प्रेत काढणाऱ्याचं नाव पुष्कळदा पंचनाम्यावर पंच म्हणून घालतात. त्यामुळे माझी सही या दोन जिल्ह्यांतल्या बऱ्याच कागदांवर आहे. एक सोडून सगळ्या खऱ्या आहेत.

कलम ४. बोरीकाठचं माझ्या वाट्याचं दोन एकर शेत आणि त्यातली विहीर मोहिनीला द्यावी. मोहिनी म्हणजे डिंपलची मुलगी, माझ्या बहिणीची नात. ती मला मामाआबा म्हणते.

या विहिरीत मी डिंपलला पोहायला शिकवलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी, भर दुपार, शिवारात कोणी नाही अशा वेळी आम्ही जायचो. आमच्याकडे पोरींना कोणी पोहणं शिकवत नाही. पोरगी विहिरीत उतरते असं एकदा तोंडोतोंडी झालं की त्याला भलतेच फाटे फुटतात आणि लग्नाच्या वेळी ते पुढे येतात. कोकिळाला कळलं असतं तर तिने मला जेवायला वाढलं नसतं. म्हणून घरी सांगायचं, मोटरीच्या पाण्याखाली न्हाली. हे गुपित आम्हा दोघांतच राहिलं. तिने ते लग्नानंतर नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण मीच तिला तसं बजावलं होतं.

पहिले चार दिवस ती माझ्या मानेला धरून, "मामा, मले सोडू नको," एवढंच म्हणायची. हात मारायला मी नंतर शिकवलं. आधी उताणं तरंगायला शिकवलं, कारण नौदलात तेच पहिलं शिकवतात. पाण्यात माणूस मरतो तो पाण्याने नाही, घाईने मरतो. मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

मी विचारायचो, "पान्यात पडनी तं काय करशी?"

ती म्हणायची, "उतानी पडसू. हाक मारसू. कोनी ना कोनी येईच."

बरोबर उत्तर दिलं की गुळाचा खडा. त्याच सुट्टीत तिला एक गाठ शिकवली. जहाजावर ती रोज लागते. दगडाला बांधा नाहीतर माणसाला, ती सरकत नाही आणि ओढली की सुटत नाही. आमच्या भागात ती गाठ मी सोडून कोणी बांधत नाही. डिंपल ती डोळे मिटून बांधायची.

कलम ५. हे कलम तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं. आता फाडायला कागद उरलेला नाही.

डिंपलचं लग्न शिंदखेडा तालुक्यातल्या प्रेमराज याच्याशी झालं. घर खातंपितं, बागायत शेती, सासरा गिरधर गावात मानाचा माणूस. तिथे तिला त्रास होता. किती होता ते तिने सांगितलं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली की ती फक्त झोपायची. दोन हजार एकच्या अखाजीला आली तेव्हा कडेवर तेरा महिन्यांची मोहिनी होती. जायच्या दिवशी डिंपल म्हणाली, "मामा, आजून आठ दिन ऱ्हाऊ का?" मी म्हटलं, लोक काय म्हणतील. मीच तिची पिशवी उचलली आणि मीच तिला एस.टी.त बसवून दिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सतरा मे रोजी, दुपारी चार वाजता निरोप आला की डिंपल विहिरीत पडली आहे, पाणबुड्याचं सामान घेऊन या. म्हणजे माझी भाची काढायला त्यांनी मलाच बोलावलं. मी आणि कोकिळा जीपने गेलो. साडेसहाला पोचलो, उजेड होता.

सासरची माणसं म्हणाली, ती सकाळी दहाला शेतात गेली. त्या दिवशी गावात लग्न होतं, शिवारात चिटपाखरू नव्हतं. चारला कोणाला तरी पाण्यावर तिची चप्पल दिसली. विहिरीत कोणी उतरलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

विहीर बांधीव, पाणी चाळीस हात खाली. मोटर जळाली म्हणून पाइप वर काढून ठेवलेले होते. पायऱ्या नाहीत. उतरायला एक काथ्याचा दोर असतो, तो बाभळीच्या बुंध्याला बांधलेला असतो. बुंध्यावर दोराचा घासून पडलेला पट्टा होता, दोर नव्हता. मी माझा दोर बांधून उतरलो.

आता जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

पाण्याच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत, भिंतीवरचं शेवाळ खरवडलेलं होतं. एका जागी नाही. विहिरीला गोल फिरून, सगळीकडून.

डिंपल तळाशी सापडली. अंगावर साडी नव्हती, परकर आणि पोलकं होतं. साडी वेगळी सापडली, एका बाजूला कपारीला अडकलेली. तिच्या एका टोकाला नारळाएवढा दगड बांधलेला होता आणि गाठ माझी होती. तिने साडी सोडून तिचा दोर केला होता आणि दगड वर फेकून कशाला तरी अडकवायला बघत होती.

तिच्या दहाही बोटांची टोकं सोलून निघाली होती. सहा नखं नव्हती.

मी डॉक्टर नाही. पण पाण्यातून काढलेलं माणूस केव्हा गेलं असेल, हे इतक्या वर्षांत मला हाताला कळायला लागलं होतं. ती सकाळी दहाला गेलेली नव्हती. दुपारी दोन, कदाचित तीन. म्हणजे चार-पाच तास ती त्या पाण्यात जिवंत होती. उताणी पडून थांबत होती, हाक मारत होती, आणि दम आला की पुन्हा भिंतीला लागत होती. मी शिकवलं होतं तसंच सगळं तिने केलं.

तिला वर घेण्याआधी मी माझं धोतर फाडून तिच्या दोन्ही हातांना गुंडाळलं. कोकिळाने ते हात बघू नयेत म्हणून. ती साडी दगडासकट पाण्यातच सोडून दिली. का सोडली ते मला आजही नीट सांगता येत नाही.

वर आल्यावर अंग पुसायला मोटरीच्या खोलीत गेलो. काथ्याचा दोर तिथे खुंटीला गुंडाळून ठेवलेला होता. खालचा दोन हात भाग ओला होता आणि त्याला हिरवं शेवाळ लागलेलं होतं.

कलम ६. माझी सही.

गिरधर माझ्यामागे त्या खोलीत आला. मी दोराकडे बघतो आहे हे त्याने बघितलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "मामा, केस करनी व्हई ते करा. तुमले कोनी रोकं नही. पन मंग पोर भेटाव नही." पोर म्हणजे मोहिनी. आणि केस केली नाही तर, असं मी विचारलं. तो म्हणाला, दहाव्याला पोरगी तुमच्या घरी आणून सोडतो, पुन्हा मागणार नाही.

बाहेर हवालदार मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होता. पंधरावीस माणसं उभी होती. प्रेमराज जमिनीवर बसून दोन्ही हातांत डोकं धरून होता. दहा पावलांवर त्याच्या आईच्या कडेवर मोहिनी होती आणि ती भुकेने रडत होती. कोकिळाने माझी बाही पकडली. तिने बोटं बघितली नव्हती, दोर बघितला नव्हता, तिला काही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मनी पोर तं गई, भाऊ. तिनी पोर तठे शे. ती तरी मले लई ये."

हवालदाराने वर बघून विचारलं, "पाटील, पोरीला पोहता येत होतं का?"

त्या सगळ्या माणसांत खरं उत्तर फक्त मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "नाही."

त्याने लिहिलं: पाय घसरून विहिरीत पडून, पोहता येत नसल्याने बुडून मरण. पंच क्रमांक एक म्हणून मी त्याखाली सही केली. तिच्या हातांना फडकं कशाचं, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, काढताना दगडावर खरचटलं. तेही खोटं आहे. पुढे सरकारी दवाखान्यात काय लिहिलं गेलं ते मी विचारलं नाही, कारण मला ते ऐकायचं नव्हतं.

गिरधरने शब्द पाळला. दहाव्याला जीप आली आणि मोहिनी आमच्या घरी आली. त्या सहीच्या बदल्यात मी तिला घेतलं. यापेक्षा चांगल्या शब्दांत हे लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

कोकिळा दोन वर्षांपूर्वी वारली. पोरगी घसरली, पाण्याने नेली, देवाची मर्जी, असं समजून ती गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट आहे, जी मी कोणाजवळ बोललो नाही. मी तिला पोहायला शिकवलं नसतं तर ती दोन मिनिटांत गेली असती. पाच तास मी तिला दिले. कोणीतरी येईल असं मी तिला सांगून ठेवलं होतं आणि पाच तास ती त्यावर भरवसा ठेवून राहिली. चोवीस वर्षं मी रोज सकाळी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतो तेव्हा हे आठवतं. माझं प्रेम तिच्या असं कामाला आलं.

कलम ७. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल, त्यातून आमच्या गावच्या शिवारातल्या ज्या ज्या विहिरींना पायऱ्या नाहीत त्यांच्या भिंतीत वरपासून तळापर्यंत लोखंडी कड्या बसवाव्यात. सिमेंटमध्ये, पक्क्या. गावातला वेल्डर हे काम करील, त्याच्याशी बोललो आहे. दोर बांधू नये. दोर कोणीही वर ओढून घेऊ शकतं. कोणी शेतमालक नको म्हणाला तर त्याला हे कलम वाचून दाखवावं.

कलम ८. अमळनेरातलं हे राहतं घर, दोन खोल्या, ओटा, मागचा नळ आणि शेवग्याचं झाड, सगळं मोहिनीला. तिला अट कसलीही नाही. विकायचं तर विकावं.

मोहिनीबद्दल थोडं लिहितो. ती आली तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि मी एक्कावन्न वर्षांचा. तिची वेणी मीच घालायचो, कारण कोकिळाच्या बोटांना संधिवात होता. तीन पेडांचा दोर वळता आला की वेणी येतेच. शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, एवढी घट्ट वेणी कोण घालतं, आठ दिवस सुटत नाही. तिला औषधांचं शिक्षण दिलं, ती आता मेडिकलच्या दुकानात काम करते आणि माझ्या गोळ्यांवरून मला रोज बोलते.

ती नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "मामाआबा, तुम्ही नेवीतले ना, मले पवानं शिकाडा." मी तिला थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. ती रडली नाही, नुसती बघत राहिली आणि पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. मोहिनी, ती थोबाडीत तुला नव्हती. पण गालावर तुझ्याच बसली, त्याबद्दल मी तुझी माफी मागतो.

माझ्या अंत्यविधीबद्दल: खर्च करू नये. राख पाण्यात सोडू नये, कुठल्याच पाण्यात. शेताच्या बांधावर पुरून टाकावी. वर्षश्राद्ध वगैरे काही करू नये.

कलम ९. प्रेमराज.

कोकिळाच्या दहाव्याला तो आला आणि मोहिनीला मिठी मारून रडला. त्यानंतर दर दोन महिन्यांनी येतो. गिरधर आणि त्याची बायको दोघं गेली. प्रेमराजची दुसरी बायकोही गेली, मूलबाळ नाही. त्याला साखरेचा आजार आहे, डावा पाय ओढत चालतो. तो मोहिनीला म्हणतो, घरी ये, सगळं तुझंच आहे. तिला बाप मिळाल्याचं सुख झालं आहे, ते मला दिसतं. आयुष्यभर बाप नव्हता, आता तिच्यासाठी केळीचा घड घेऊन दारात येऊन बसतो. ती विरघळणार नाही तर काय होईल.

गेल्या महिन्यात तिने मला विचारलं, "तुम्ही बाबांना चहासुद्धा विचारत नाही. त्यांनी तुमचं काय केलं आहे?" मी म्हटलं, काही नाही, सवय. ती म्हणाली, "तुम्ही फार कठोर आहात, आबा." येत्या सोमवारी ती कायमची तिकडे राहायला जाते आहे. तिची बॅग भिंतीला लावून ठेवलेली मला इथून दिसते.

न्यायाने लिहायचं तर, दोर कोणी वर घेतला ते मला माहीत नाही. प्रेमराज असेल, गिरधर असेल, त्याची बायको असेल. डिंपल पडली, ढकलली की स्वतः उतरली, तेही माहीत नाही. प्रेमराजला काहीच ठाऊक नसेल, असंही होऊ शकतं. त्या दिवशी तो डोकं धरून बसला होता ते दुःखाने की भीतीने, हे मी चोवीस वर्षं ठरवतो आहे. पण त्या घरातल्या कोणाला तरी माहीत होतं, आणि त्या घरातला आता एकच माणूस जिवंत आहे.

हे सगळं मी मेल्यावर पाकिटातून बाहेर यावं असा माझा बेत होता. म्हणजे मोहिनीने मला काही विचारायच्या आत मी राख झालेलो असतो. बोटं मी बघितली, गाठ मी बघितली, दोर मी बघितला. आज हे सांगू शकणारा मी एकटाच आहे, आणि मेल्यावर मी सांगू शकणार नाही. ती तोवर त्या घरात राहायला गेलेली असेल, त्याच शेतात जात असेल, त्याच विहिरीवरून. एका कागदाने मी तिला मिळवलं आणि दुसऱ्या कागदाच्या आड लपून जायला निघालो होतो. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही.

म्हणून शेवटची सूचना अशी. या मृत्युपत्राला पाकीट नको आणि लाखही नको. माझी आणि साक्षीदारांची सही झाली की पंडित मास्तरांनी हे कागद आज संध्याकाळीच, मोहिनी दुकानातून आल्यावर, माझ्यासमोर तिच्या हातात द्यावेत. ती वाचत असताना कोणी मध्ये बोलू नये. मीही बोलणार नाही. त्यानंतर तिला जे विचारायचं असेल ते तिने विचारावं, मी उत्तर देईन. ती माझ्या घरात राहिली नाही, माझं तोंड बघायचं नाही म्हणाली, तरी वरच्या एकाही कलमात बदल होणार नाही.

वारस म्हणून तिची साक्षीदाराची सही चालत नाही, हे मला माहीत आहे. तरी तिला काही लिहायचं असेल तर खाली जागा सोडली आहे. पंडित मास्तर म्हणतात की सहीखाली जागा मोकळी सोडू नये, कोणी काहीही लिहील. मला तेच हवं आहे.

हे मी राजीखुशीने नाही, पण पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे आणि वाचून सही केली आहे.

सही: चुडामण वना पाटील

आमच्यासमोर लिहिणाऱ्याने सही केली, सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार १: पंडित नवल सोनवणे, निवृत्त शिक्षक, शेजारी

साक्षीदार २: बेबाबाई पुना महाजन, शेजारी

ठिकाण: अमळनेर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(खालील मजकूर वेगळ्या अक्षरात)

वाचलं. दोनदा वाचलं. घराचं आणि शेताचं मला आत्ता काही सांगू नका. माफीचंही नंतर बघू, ती मी दिलेली नाही.

बॅग मी उघडून ठेवली आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने आपण दोघं शिंदखेड्याला जायचं. तुम्ही तिथल्या पोलिसांसमोर उभं राहून हे सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं आहे, मामाआबा, आणि त्यांनी ते लिहून घेतल्यावर मग सही करायची आहे. तोवर मरायचं नाही.

मोहिनी
अमळनेर, १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.१०